कुठला पाय आधी गेला?

ज्यांच्या घरात कुणाला जीबीएस, तो नसांचा आजार, झालाय आणि जे आत्ता आयसीयूच्या बाहेर खुर्चीत बसून फोनवर ते नाव शोधतायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आधी तो फोन पर्समध्ये टाका. माझ्या लेकीनं, मेघानं, पहिल्याच दुपारी सगळं वाचून काढलं आणि मग ती मला भेटायला आत आली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आपण मघाशीच गेलो वाटतं, फक्त आपल्याला कुणी कळवलेलं नाही! तर मी गेलेली नाही. हे स्वतःच्या हातानं लिहितेय. अक्षर आधीपासूनच वाईट आहे, त्याचा दोष आजाराला देऊ नका.

मी वनिता. माहेर नेरूळजवळचं शिरवणे गाव, सासरही शिरवणे, मधे दोन गल्ल्या. शिक्षण बेताचं. लिहायची सवय नाही, बोलायची फार. म्हणून जशी बोलते तसंच उतरवतेय. वाचताना अधूनमधून ‘हो का?’, ‘मग?’ म्हणत चला, मला बरं वाटेल.

आणि मी तिहेरी उडीची खेळाडू. भारताची जर्सी घालून परदेशात उड्या मारून आलेली बाई. हे फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनं सांगते. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, कारण दवाखान्यातला पहिला घोळ या उडीनंच घातला.

बांधावरून वाळूत

आमच्या लहानपणी शिरवण्याच्या खाली खाडीपर्यंत भातशेती होती. शेतांच्या मधून पाण्याचे चर. बांधावरून जेवण घेऊन जायचं, मधे चर आला की उडी. माझी आई पाटी डोक्यावर घेऊन उडी मारायची आणि पाटीतलं कालवण सांडायचं नाही. खरं तर भारताची जर्सी तिला मिळायला हवी होती.

मग शेतं गेली, शहर आलं, आणि शाळेच्या मैदानावर एक सर आले. त्यांनी मला लांब उडीत घातलं. मी बरी होते, फार नाही. मी मोठी झाले तोवर बायकांसाठी तिहेरी उडी सुरू झाली. त्याआधी ती फक्त पुरुषांची. बायकांनी मारली तर अंग खाली येतं, पोर होत नाही, असं शिकलेले लोकसुद्धा बोलायचे. सर म्हणाले, “वनिता, या उडीत तुझ्या पुढे उभं राहायला अजून कुणी नाहीच. रांग लागायच्या आत जाऊन उभी राहा.”

ज्यांना ही उडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धावत यायचं, पांढऱ्या फळीवर एक पाय मारून उठायचं आणि त्याच पायावर टेकायचं. ती लंगडी. तिथून दुसऱ्या पायावर, ती ढांग. आणि तिथून वाळूत, ती उडी. माझा क्रम उजवा, उजवा, डावा. हा क्रम मी झोपेतही सांगेन. माझी सगळी भाकरी त्याच क्रमावर भाजली. खेळाडू कोट्यातली नोकरी, विमानाचा प्रवास, शिरवण्याच्या वेशीवर लागलेला माझ्या फोटोचा बोर्ड, सगळं.

परदेशातल्या पहिल्या स्पर्धेत मी तिन्ही उड्या फाउल केल्या. फळीच्या पुढे मऊ पट्टी असते, तिच्यावर बुटाचं टोक उमटलं की लाल झेंडा. माझं टोक तिन्ही वेळा उमटलं, अगदी एकाच जागी. सर म्हणाले, “निदान चुकतेस तरी नेमकी!” पुढच्या वर्षी त्यांनी माझी धाव मागे सरकवली आणि मी पदक आणलं. लग्न झालं, मेघा झाली, म्हणजे लोकांचं तेही खोटं ठरलं. मेघा झाल्यावरही दोन हंगाम खेळले. मग टाच बोलायला लागली आणि मी थांबले. नंतर इतकी वर्षं नेरूळच्या मैदानावर मुलांना शिकवतेय.

पाय जमीन ढकलेना

पोट बिघडलं होतं. आठवडाभरानं ते बरं झालं, मी विसरूनही गेले. एका रविवारी मैदानावर मुलांना लंगडी दाखवताना उजव्या पायानं जमीन ढकललीच नाही. म्हणजे मी ढकलायला सांगितलं, पण पाय म्हणाला, कोण आपण? बूट बदलले. तरी तेच. तळव्याला मुंग्या. अनवाणी उभी राहिले तरी मोजे घातल्यासारखं वाटायचं.

खेळाडूची खोड असते बघा, दुखलं की आपण त्यातले डॉक्टर. मी म्हटलं, जुनी टाच असणार. तेल गरम केलं, चोळलं, शेकलं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंत धरावी लागली. आमचं घर गावठाणातलं आहे. खाली भाडेकरू, वर आम्ही, आणि मधे मिस्त्रीनं शिडीचा विचार करून बांधलेला जिना. तिसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उठताच येईना.

आमचे हे कांदा-बटाटा मार्केटला आयुष्य काढलेले. एपीएमसीत सगळे ह्यांना दामूशेठ म्हणतात. ह्यांना मालाची पारख हात लावून होते. ह्यांनी माझे दोन्ही पाय हातात घेतले आणि कांदा चाचपावा तसे चाचपले.

“वने, हालव बगू.”

“हालवतेय की.”

“नाय हालत, वने.”

आणि हे खालच्या भाडेकरूंना हाक मारायला धावले.

कॅज्युअल्टीत

हे केसपेपर काढायला गेले आणि मला स्ट्रेचरवर आत घेतलं. एक तरुण डॉक्टर आला. चेहऱ्यावरून दोन दिवस झोपला नसावा. त्यानं विचारलं, “आजी, कुठला पाय आधी गेला?”

आता माझी अवस्था समजून घ्या. भीतीनं डोकं बधिर झालेलं. आणि इतकी वर्षं पत्रकारांनी, अधिकाऱ्यांनी, शाळेतल्या पोरांनी मला हाच प्रश्न विचारलाय, ‘मॅडम, कुठला पाय आधी जातो?’ तोंडातून आपोआप गेलं,

“उजवा.”

“मग?”

“मग परत उजवा.”

“परत उजवा?”

“हो. आणि मग डावा.”

तो लिहिता लिहिता थांबला. “म्हणजे उजव्या पायाचा जोर गेला, परत आला, परत गेला, आणि मग डाव्याचा?”

“जोर जाऊन कसं चालेल?” मी म्हटलं. “जोर गेला तर माणूस वाळूत पोचेल का?”

“वाळूत?”

“वाळूतच पडायचं असतं शेवटी.”

त्यानं नर्सकडे बघितलं. नर्सनं माझ्याकडे. बाई भ्रमात बोलतेय, एका बाजूचा जोर गेलाय, डोक्यात काहीतरी झालंय, असं ठरलं आणि माझं स्ट्रेचर मेंदूच्या स्कॅनकडे धावायला लागलं. माझ्या फळीकडच्या धावेपेक्षा जोरात! तेवढ्यात हे केसपेपर घेऊन आले.

“कुठं नेताव तिला?”

“काका, स्ट्रोकची शंका आहे. उजवा पाय दोनदा गेला म्हणतायत.”

ह्यांनी कपाळाला हात मारला. “अरे डाक्टर, ती उडीचं सांगते! उडीचं! पाय दोनी एकदमच गेलंत तिचं!”

स्कॅन झालाच, आणि डोकं ठीक निघालं. हे म्हणाले, “बरं झालं, आता कागदावर आलं, डोकं हाय म्हणून.”

मग मोठे डॉक्टर आले. त्यांनी गुडघ्याखाली छोटी रबरी हातोडी मारली. तुम्हाला माहीत असेल, हातोडी लागली की पाय आपोआप उडतो. लहान बाळाचासुद्धा उडतो. माझा उडाला नाही. दुसरा बघितला. तोही नाही. डॉक्टर पुन्हा पुन्हा मारत होते आणि मी माझ्या गुडघ्याकडे बघत होते. ज्या गुडघ्यानं माझं सगळं वजन झेललं, पुढे फेकलं, तो लाकडासारखा पडून होता. त्या क्षणी मला रडू आलं. एवढ्या दिवसांत तेव्हाच पहिल्यांदा.

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. पोटातल्या जंतूशी लढायला जे शिपाई शरीरानं उठवले, ते जंतू गेल्यावरही थांबले नाहीत, आपल्याच नसांवर चालून गेले. हे लगेच म्हणाले, “म्हणजे सोसायटीचा वॉचमन. चोर सोडून मेंबरला आडवतो.” डॉक्टर हसले. म्हणाले, “अगदी तसंच. आणि आता त्या वॉचमनला शांत करायचं औषध पाच दिवस शिरेतून द्यायचं. नसा परत येतात. पण कधी आणि किती, ते मी आज सांगणार नाही.”

मला तेवढंच कळलं. ‘येतात’ हा शब्द मी पदरात बांधला आणि बाकीचं सोडून दिलं. तुम्हीही तसंच करा.

हुतूतू

या आजारात लुळेपणा खालून वर चढतो. पाय, मग हात, मग पुढे छाती. छातीपर्यंत गेला तर श्वासाला मशीन लावावं लागतं. ते मशीन आयसीयूत माझ्या खाटेशेजारी चादर पांघरून उभं होतं. सोयरीक न ठरलेल्या पाहुण्यासारखं. मी त्याच्याकडे बघायचं टाळायचे, ते माझ्याकडेच बघायचं.

लिसी सिस्टर केरळची होती, बरीच वर्षं वाशीत राहिलेली. दर थोड्या वेळानं यायची आणि म्हणायची, “अम्मा, एक साँस में गिनती बोलो. जितना होता है उतना.” श्वास किती टिकतो ते असं तपासतात. मला काही ते आकडे जमेनात. आकडे बोलताना मधे नकळत श्वास घेतला जायचा. मग मी डोळे मिटले आणि सुरू केलं, “हुतूतूतूतूतू...”

“अम्मा! क्या हुआ? अम्मा!” सिस्टर घाबरून खाटेवरच आली.

श्वास संपल्यावर मी सांगितलं, बाई, हा आमचा खेळ. पलीकडच्या अंगणात शिरायचं, श्वास मोडायचा नाही, मोडला की बाद. लहानपणी खाडीच्या कडेला कोरड्या चिखलात खेळायचो. हुतूतू म्हणताना चोरी करता येत नाही, समोरच्याला लगेच ऐकू येतं. सिस्टरनं विचार केला आणि म्हणाली, “गिनती से अच्छा है.” त्या दिवसापासून ती घड्याळ हातात घेऊन यायची, “चलो अम्मा, हुतूतू.” पलीकडच्या खाटेवरचे एक सरदारजी काका ते ऐकून पडल्या पडल्या हसायचे.

पण एका दुपारी माझा हुतूतू पार तोकडा झाला. सुरू केला आणि संपलाच. सिस्टरनं त्या मशीनवरची चादर काढून घडी घातली. ती घडी ती किती सावकाश घालत होती! मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, त्या दुपारी मी फार भ्याले. देवाला काही मागितलं नाही. एवढंच मनात आलं, आपण घरातून स्ट्रेचरवर आडवं निघालो. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना, तेव्हा भाडेकरूंनी मला चादरीत धरून खाली आणलं होतं. ही माझी घरातून शेवटची निघायची तऱ्हा असू नये. जायचंच तर परत जाईन, माझ्या पायानं जिना चढेन, माझ्या खाटेवर पडेन, मग बघू.

संध्याकाळी श्वास तेवढाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. कमी झाला नाही. डॉक्टर म्हणाले, औषधानं धरलं. सिस्टरनं मशीन ढकलत दुसऱ्या कोपऱ्यात नेलं आणि जाताना त्याला म्हणाली, “बाद!”

चिंबोरीचं सार

वॉर्डात आल्यावर पाहुणे सुरू झाले. आमच्या मोठ्या जाऊबाई रंजनाबाई डबा घेऊन आल्या. डब्यात चिंबोरीचं म्हणजे खेकड्याचं सार. आमच्याकडे हाडांत जोर यायला चिंबोरीच लागते, दुसरं काही चालत नाही. बाहेरचं जेवण आणायचं नाही असा नियम होता. जाऊबाईंनी वॉचमनला सांगितलं, औषधाचा काढा आहे. वास लिफ्टमध्येच सगळीकडे पोचला होता.

त्यांच्या जुन्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. मला भरवता भरवता त्या म्हणाल्या, “मी आदीपासून सांगत व्हते. बायकांच्या जातीनं एवऱ्या उऱ्या माराव्यात क? नसा तुटल्या त्या उऱ्यांनीच.”

माझे हात चालत असते तर मी डबा बाजूला केला असता. हात चालत नव्हते आणि सार फार छान झालं होतं. म्हणून तोंड उघडं ठेवलं.

पण ते मनात रुतलं. रात्रभर तेच. उड्यांनीच झालं असेल का? सकाळी डॉक्टर आले तसं सरळ विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, उड्यांचा काही संबंध नाही. आयुष्यात कधी खुर्चीतून न उठलेल्या माणसालाही हे होतं. तुमचे स्नायू चांगले होते, तो फायदाच.” मी म्हटलं, “डॉक्टर, हे जरा मोठ्यानं सांगता का? बाहेर माझी जाऊ बसलीय.” आणि त्यांनी खरंच दारात जाऊन सांगितलं! जाऊबाई म्हणाल्या, “डाक्टर लोकांना तिचा बोर्डावरचा फोटू आवरला आसंल.” पण पुढच्या डब्यात चिंबोऱ्यांच्या नांग्या मोठ्या होत्या. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना सांगते, रोग्याला कारण शोधून देऊ नका. त्याच्याकडे आधीच ढीगभर कारणं असतात.

ऐरोलीची लिफ्ट

घरी सोडलं ते मेघाच्या घरी. ती ऐरोलीला राहते, तिथल्याच कंपनीत आहे. तिच्या इमारतीला लिफ्ट, खाली रॅम्प, सगळं गुळगुळीत. मी चाकाच्या खुर्चीत. हात बऱ्यापैकी आले होते, कप धरता यायचा. पाय म्हणजे कुणीतरी ठेवायला दिलेलं सामान.

निखिल सर व्यायाम घ्यायला यायचे. फिजिओथेरपिस्ट. पहिल्याच दिवशी म्हणाले, “तुम्ही खेळाडू आहात ना? तोच आपला प्रॉब्लेम आहे.”

“का हो?”

“तुम्हाला दमेपर्यंत करायची सवय. या आजारात दमायचंच नाही. नस नवीन येतेय, तिला ओढलं तर ती मागे जाते. थोडं करायचं आणि थांबायचं.”

मी मान डोलावली आणि ते गेल्यावर पलंगाचा कठडा धरून उभं राहायचं, परत बसायचं, परत उभं, असं चालू ठेवलं. सगळं आयुष्य ‘आणखी एक’ म्हणत घालवलेलं. दुसऱ्या दिवशी पाय परत दगड. दोन दिवस चमचाही जड. निखिल सरांनी मला बघितलं आणि खुर्ची ओढून बसले. “स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुम्ही काय करायचात?”

“काही नाही. पाय वर करून पडायचं. सर जागचं हलू द्यायचे नाहीत.”

“मग समजा, रोज स्पर्धेचा आदला दिवस आहे.”

हे मात्र मला कळलं. लोळायला परवानगी आणि त्याला खेळाडूचं नाव! त्यानंतर मी त्यांचं ऐकलं. अंगठा हलला. मग घोटा. मग कठड्याला धरून पलंगापासून खिडकीपर्यंत. मग काठी घेऊन दारापर्यंत. खिडकीतून खाडीचा पूल दिसायचा, मुलुंडकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. मी म्हणायचे, बघा, धडधाकट गाड्यासुद्धा माझ्याच वेगानं चालल्यात.

आता घरातलं सांगते, कारण या आजाराच्या गोष्टी सांगताना लोक तेवढं गाळतात. एका दुपारी मेघा आणि हे हॉलमध्ये हळू आवाजात बोलत होते. बहिरी मी झाले नव्हते. मेघा म्हणत होती, “बाबा, शिरवण्याचं वरचं घर बंद करा. आई आता तो जिना चढणार नाही. तुम्ही दोघं कायमचे इथंच राहा.” हे नुसतं ‘हूं’ म्हणाले. म्हणजे हे तयार होत होते.

मी काठी घेऊन बाहेर आले. “मला का विचारत नाही?”

“आई, तू हो म्हणणार नाहीस म्हणून!”

“मला भोपळ्यासारखी शिंक्यात टांगून ठेवणार का इथं?”

“आणि तिथं पडलीस तर? मी इथून येईपर्यंत तू जिन्यात पडून राहशील. मी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला तरी उठून बाहेर पळते, आई. तू आयसीयूत हुतूतू करत होतीस, सगळे हसत होते. मी बाहेर बसून ऐकत होते, थांबतोय का ते.”

मी तिच्या शेजारी बसले. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि ती लहानपणी रडायची तशी रडली, आवाज न करता, नाक ओढत. आजार मला झाला होता, पण भीती तिच्याकडे ठेवायला दिली होती, हे मला तेव्हा समजलं. मग मी म्हटलं, “एक ठरवू. तो जिना मी माझ्या पायानं चढून दाखवला तर घर उघडं. नाही जमलं तर मी स्वतः कुलूप लावीन आणि किल्ली तुझ्या हातात देईन. नंतर कुरकुर नाही.”

“धरून नाही. उचलून नाही,” ती म्हणाली.

“माझी उडी आजवर दुसऱ्या कुणी मारलीय का?”

ही बातमी ह्यांच्यामार्फत मार्केटात पोचली. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या ओळखीच्या हमालांचा निरोप आला, वैनींना खुर्चीत बसवून वर नेतो, कांद्याच्या गोणीला धक्का लागू देत नाही तर वैनींना लागू देऊ का? मी निरोप पाठवला, वैनी अजून गोणीच्या भावात आलेल्या नाहीत.

जिना

निखिल सरांनी मेघाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर शिकवलं. चढताना शहाणा पाय पुढे, उतरताना खुळा पाय पुढे. माझा डावा शहाणा, उजवा खुळा. आयुष्यभर ज्याच्या जिवावर कमावलं तोच खुळा निघाला, पण असू दे, त्यानंही खूप केलंय. उजवा घोटा अजून पूर्ण वर येत नाही. डॉक्टर म्हणाले, कदाचित एवढंच राहील. राहिलं तर राहिलं.

एका सकाळी आम्ही शिरवण्याला गेलो. गल्लीत गाडी शिरत नाही, तोंडाशी उतरले, काठी टेकत दारापर्यंत आले. जिन्यात भाडेकरूंच्या चपला, सायकल, सिलिंडर असतं, ते त्यांनी आधीच हलवलं होतं. आणि भिंतीच्या बाजूला, जिथं कधीच काही नव्हतं, तिथं खालपासून वरपर्यंत हिरवागार कठडा! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वर पंख्याकडे बघत होते. जिन्यात पंखा नाही.

“म्हणजे माझी खात्री होती तुम्हाला?”

“मना नाय, मिस्त्रीला व्हती. त्यानं अॅडव्हान्स घेतला व्हता.”

मेघा खाली उभी राहिली, हात मागे बांधून. हात पुढे आले तर ती धरणार, हे तिलाही माहीत होतं. मी काठी ह्यांच्याकडे दिली. दोन्ही हातांनी तो कठडा धरला. डावा वर, उजवा त्याच्याशेजारी. थांबायचं. दमायचं नाही. परत डावा. मधल्या वळणावर, जिथं स्ट्रेचर अडकलं होतं, तिथं मी भिंतीला टेकून उभी राहिले. पाय थरथरत होते. वर जायचं तेवढंच उरलं होतं जेवढं खाली जायचं होतं. खालून मेघा म्हणाली, “आई, बस झालं, उतर.” वरच्या खोलीच्या बंद दारातून माझ्या देव्हाऱ्याचा, डाळीच्या डब्यांचा, जुन्या गाद्यांचा वास येत होता. कुबट, पण माझा. मी म्हटलं, “थांब, दम खातेय. दमले नाही.” या दोन्हीतला फरक मला निखिल सरांनी शिकवला होता.

वर पोचले तेव्हा मेघानं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती वर आली, शेवटच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “ठीक आहे. पण फोन गळ्यात लटकवायचा. कायम.” कबूल केलं.

मग माझे हात बघितले. दोन्ही तळवे हिरवे. कठड्याचा रंग ओला होता.

“काल संध्याकाळी मारला,” हे म्हणाले. “मना वाटलं, सुकंल.”

आत जाऊन खाटेवर बसले. चहा टाकायला सांगितला तर घरात दूध कुठलं! इतके महिने घर बंद. हे पिशवी घेऊन निघाले. मी म्हटलं, “थांबा, मी जाते.”

“वने, आत्ता वर आयलीस.”

“उडीत उठणं कुणालाही जमतं. टेकणं यावं लागतं. उतरून दाखवल्याशिवाय चढणं धरणार नाहीत.”

“कोन धरनार नाय?”

“मी.”

खुळा पाय पुढे. मग शहाणा. उतरताना डोळे खाली ठेवावे लागतात, त्यामुळे भीती जास्त दिसते. पण पाय एकेक पायरी पकडत गेला. मेघा माझ्या मागून एकेक पायरी उतरत होती, मी न बघितल्यासारखं केलं. खाली आले, ह्यांनी मागून आणलेली काठी घेतली आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले.

डेअरीवाला यादव पुष्कळ वर्षांपासून आम्हाला दूध देतो. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं फ्रिज उघडता उघडता मान वर केली.

“अरे वनिताताई! किती दिवसांनी! बाहेरगावी होतात काय? कुठं मॅच-बिच?”

मी काठी काउंटरला टेकवून ठेवली आणि म्हटलं,

“हो रे, लांबची होती. अर्धा लिटर दे.”